मुका उंबरा

"समजा," मुजावर सरांनी पडद्यावरचा प्रश्न वाचून संपवला आणि चष्मा कपाळावर सरकवला, "रविवारी दुपारी बारा वाजता एका कंपनीच्या साइटवर एकदम दहापट माणसं येतात. चार सर्व्हर धावतायत, पाचवा दमून बसलाय. पण त्या बसलेल्याकडेही माणसं जातच आहेत, आणि तिथून उपाशी परततायत. काय चुकलं?"

मी हात वर केला आणि उत्तर दिलं. नेमकं, पुस्तकातलं, आकड्यासकट. सर 'बरोबर' म्हणाले. मग त्यांची नजर खिडकीपाशी बसलेल्या सगुणाकडे गेली.

"आणि तुला काय वाटतं?"

सगुणानं ओढणीच्या टोकाला लागलेलं पीठ झटकलं. "वाढपी खाली बसलाय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, सर. मोठी पंगत असली की माझी आई, अक्का, एका बाईला दारात नुसती उभी करते. तिनं वाढायचं नाही, बघायचं. कुणाचा हात थांबला की ती रांग दुसरीला द्यायची. तशी बघणारी बाई इथं ठेवलेलीच नाही."

सर हसले. असे हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. माझ्या उत्तराला 'बरोबर' मिळालं होतं, तिच्या उत्तराला ते हसू. उत्तर दोघींचं एकच होतं. त्या दिवसापासून घास गिळताना मला भातात खडा लागायला लागला.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, एका दुकानाच्या माडीवर सरांचा क्लास होता. खाली दिवसभर कुणीतरी तार लावत बसलेलं असायचं. तीच तार, तोच सूर, चढतोय, उतरतोय, लागत नाहीये. वर आम्ही चौघं. सर बारा वर्षं बंगळूरला मोठ्या कंपनीत होते. वडिलांचं मूत्रपिंड गेलं तेव्हा सगळं सोडून घरी आले, आणि गावातल्या पोरांना क्लाउड शिकवू लागले. क्लाउड म्हणजे काय, हे माझ्या बाबांना मी तीनदा सांगितलं होतं. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. शेवटी त्यांनीच मला सांगितलं, "म्हणजे माल आपला, गोदाम दुसऱ्याचं. मग एवढं काय त्यात?"

पहिली परीक्षा आम्ही दोघी पास झालो होतो. आता पुढची होती, वरच्या दर्जाची. तीन तास, पंचाहत्तर प्रश्न, आणि एकेक प्रश्न अर्ध्या पानाचा. ही परीक्षा दोन वर्षं काम केलेल्यांनी द्यावी, असं तिच्या माहितीतच लिहिलेलं होतं. आम्ही दोन दिवसही कुठं काम केलेलं नव्हतं. सर म्हणाले होते, अवघड आहे, पण बंद नाही.

आणि त्यात एक आशा होती. सरांच्या जुन्या सहकारी हर्डीकर मॅडम पुण्यात एका कंपनीत होत्या. सरांच्या शब्दावर त्या एका अननुभवी पोरीला घ्यायला तयार झाल्या होत्या. एकीला. अटी दोन. ही वरची परीक्षा पास व्हायची, आणि स्वतः उभं केलेलं काहीतरी त्यांना व्हिडिओवर चालतं-बोलतं दाखवायचं.

जागा एक आणि आम्ही दोघी. बाकीचे दोघे अजून पहिल्या परीक्षेच्याच पायरीवर होते.

मी पहिलीपासून पहिली. बालवाडीतल्या लिंबू-चमच्यात आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात माझा नंबर तोच. मी सहाशे बारा कार्डं केली होती. एका बाजूला प्रश्न, मागं उत्तर, पाच रंग. सकाळी दात घासताना वीस, जेवताना तीस. सगुणाकडं एकही कार्ड नव्हतं. तिच्याकडं एक लांबट वही होती, किराणा दुकानदार वापरतात तसली, लाल पुठ्ठ्याची. तीत ती ओव्या लिहायची.

खरंच ओव्या. तिची आई, पार्वताक्का, लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी घ्यायची. हजार-हजार पानाची ऑर्डर. हाताखाली पंधरा बाया, त्या ओळीनं बसून चपात्या लाटायच्या, आणि लाटताना ओव्या म्हणायच्या. हौसेनं नव्हे, कामासाठी. ओवीच्या ठेक्यावर लाटणं फिरतं, हात दमल्याचं हाताला कळत नाही. एकीनं पहिली ओळ टाकायची, शेजारणीनं दुसरी उचलायची. पुढची ओळ जुनी आठवली तर जुनी, नाही आठवली तर तिथल्या तिथं रचायची, पण ठेका सुटू द्यायचा नाही. सगुणा त्या ओळीत बसून मोठी झाली होती. तिच्या डोक्यात काही ठेवायचं म्हणजे ते ओवीतच ठेवावं लागायचं, दुसरं भांडं तिच्याकडं नव्हतंच. गर्दी अनेक सर्व्हरांत वाटून द्यायचा धडा तिच्या वहीत असा होता:

दारी लोटली पंगत, नको एकीनं वाढाया
सात जणी उभ्या करा, हात हाताला जोडाया

आणि खाली बारीक अक्षरात आकडे, नावं, कुठल्या क्रमानं काय करायचं ते सगळं. मी एकदा ती वही हातात घेऊन हसले होते. म्हटलं, परीक्षेत चाल लावणार आहेस का. ती म्हणाली, "तुझी कार्डं छान आहेत गं वैजू. माझ्याच्यानं एवढी शिस्त नाही होत." तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

सराव परीक्षेत मला आधी एक्क्याऐंशी पडायचे, तिला अठ्ठ्याहत्तर. मग मला एक्क्याऐंशीच, तिला त्र्याऐंशी. मग तिला शहाऐंशी. मला एक्क्याऐंशी. मी कार्डांचा वेळ वाढवला. घरी बाबा विचारायचे की ती आचारणीची पोरगी कितीवर आली. मी खोटं सांगायचे.

त्यातच एका सकाळी ती मला तिच्या आईच्या कामावर घेऊन गेली. म्हणाली, सारखी खोलीत बसतेस, कोंदटशील. गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात मागच्या अंगाला भटारखाना होता. सहा चुली, धूर, गुळाचा वास, आणि भिंतीलगत बायांची ओळ. अक्कानं मला पाहिलं, काही न बोलता एक लाटणं हातात दिलं आणि सगुणाशेजारी बसवलं.

थोड्याच वेळात गडबड झाली. आमटीत मीठ दुप्पट पडलं होतं. अक्कानं पळीभर चाखली, पळी खाली ठेवली, आणि आवाज न चढवता विचारलं, "कुणी घातलं?"

हौसा नावाची एक बाई लगेच उठली. "मी, अक्का. घातलेलं ध्यानात नव्हतं, परत घातलं."

"बरं. कणकेचे गोळे सोड चार, आन् बटाटा घाल." झालं. एवढंच. पुढं कुणी हौसाकडं वळूनही बघितलं नाही.

तेवढ्यात वरपक्षाचे कुणी काका दारात आले, पंगत का खोळंबली, कुणाची चूक आहे म्हणून विचारू लागले. अक्का पदर खोचत दाराशी गेली. म्हणाली, "आत चुली हायत्या, दादा, मानसं न्हाईत. दहा मिंटात ताटं लागत्यात."

ते गेल्यावर मी विचारलं की त्यांना हौसाचं नाव का सांगितलं नाही. लहान पोरानं चंद्र मागितल्यावर बघावं, तसं अक्कानं माझ्याकडं बघितलं. "भटारखान्यातलं मांडवात न्यायचं न्हाई, बाय. आन् भटारखान्यात लपवायचं न्हाई. दोन्ही पाळलं तर हजार पान उठतंय. एक पाळून भागत न्हाई."

मग ओवी सुरू झाली. एकेक करत ओळ माझ्यापर्यंत आली. सगुणानं पहिली टाकली आणि माझ्याकडं बघितलं. दुसरी मी उचलायची होती. माझ्या तोंडाला कुलूप. लाटणी थांबली, ठेका तुटला, आणि मग अख्खी ओळ हसायला लागली. वाईट हसणं नव्हतं ते. पलीकडच्या म्हातारीनं माझी ओळ उचलली आणि काम पुढं गेलं. पण मला ते हसणं पायातल्या काट्यासारखं आत राहिलं. सहाशे बारा कार्डं पाठ असलेल्या पोरीला दोन ओळींतली एक उचलता आली नाही.

हर्डीकर मॅडमना दाखवायचा दिवस ठरला, शुक्रवारी सकाळी अकरा. परीक्षा पुढच्या मंगळवारी, कोल्हापुरात.

मी विद्यार्थ्यांचे निकाल दाखवणारी एक साइट उभी केली होती. पुस्तकातल्या नमुन्यावरून, कुठं बोट ठेवायला जागा नाही अशी. सगुणानं काय केलंय ते तिनं कुणाला दाखवलं नव्हतं. म्हणायची, होऊ दे, मग बघ.

सरांच्या क्लाउडवरच्या एकाच खात्यात आम्ही सगळे काम करायचो. खोली एक, किल्ल्या वेगळ्या, असं सर म्हणायचे. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. पण सगळ्या किल्ल्यांनी सगळी कुलपं उघडायची. सरांनी तसंच ठेवलं होतं, इथे सगळे घरचेच आहेत म्हणून.

गुरुवारी सर दुपारनंतर नसायचे. वडिलांना डायलिसिसला न्यायचा तो दिवस. माडीची चावी त्या दिवशी माझ्याकडं असायची, कारण मी भरवशाची. बाकीचे दोघे सकाळीच येऊन गेले. सगुणा ऑर्डरीवर होती, पाचला येऊन एकदा सगळं तपासून बघते म्हणाली होती. मी एकटीच. खाली तार लागत होती.

मी फक्त बघायला म्हणून तिचं काम उघडलं. खरंच फक्त बघायला.

'पार्वताक्का, लग्नाचं जेवण.' असं वर लिहिलेलं. लग्नाची तारीख टाका, किती पानं ते टाका. साइट विचारत होती, म्हातारी माणसं किती, त्यांना मऊ भात लागेल. लेकरं किती, त्यांना तिखट कमी. मग पंधरा बायांपैकी त्या दिवशी कोण मोकळी आहे ते बघून तिच्या फोनवर निरोप जायचा, आणि जिला वाचता येत नाही तिला तोच निरोप सगुणाच्या आवाजात ऐकू यायचा. आत बघितलं तर गर्दी वाढली की नवे सर्व्हर आपोआप उभे राहत होते, एक पडला तर दुसरा त्याची जागा घेत होता. सगळं धड्यातलंच होतं. माझ्या कार्डांवरचंच. पण माझ्या साइटवर कुणी राहत नव्हतं. हिच्यात माणसं होती. हौसाबाईचं नाव होतं, तिच्यापुढं लिहिलं होतं, 'गुरुवारी उपास, खिचडी ठेवणे.'

ती जागा कुणाची, ते मला तिथंच कळलं. हर्डीकर मॅडमना कळायला एक दिवस बाकी होता.

मी पुसायला सुरुवात केली. यंत्र फार सभ्य असतं. ते विचारतं, नक्की का? मी हो म्हटलं. ते म्हणालं, हे परत येणार नाही, नक्की असेल तर हा शब्द स्वतःच्या हातानं लिहा. मी लिहिला. एकेका गोष्टीला त्यानं विचारलं, एकेकदा मी लिहिलं. परत फिरायला मला इतक्या वेळा वाट दिली होती त्यानं. सर्व्हर, डेटाबेस, तिच्या आवाजातले निरोप, बॅकअप, सगळं. खालची तार मध्येच थांबली तेव्हा मला दचकायला झालं. मग मी कार्डं काढून बसले.

सगुणा पाचला आली. अंगाला पाकाचा वास, कपाळावर घाम. पाणी प्यायली, बसली, उघडायला गेली. उघडेना. पुन्हा केलं. मग आत जाऊन बघितलं आणि हात मांडीवर ठेवले.

मी विचारलं, काय झालं. माझा आवाज मला परका वाटला.

"काहीच नाही राहिलं गं," ती म्हणाली. रडली नाही. पडद्याकडं वळली. काहीतरी उघडलं, वाचलं, मिटलं. मी कार्डं उलटत होते, एकाही कार्डावरचं अक्षर दिसत नव्हतं. मग तिनं पिशवीतून ती लाल वही काढली आणि माझ्यापुढं धरली.

"वैजू, आधी चूल पेटवू. तू वाच, मी करते. एकटीनं केलं तर मध्यरात्र होईल."

नाही म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं. मी वही उघडली आणि वाचायला लागले. पहिली ओवी, मग खालचे आकडे. तिची बोटं चालायला लागली. दुसरी ओवी.

एक चूल विझंल गं, दुजी पेटती असावी
जेवणाऱ्याच्या घासाला, त्याची वार्ता नसावी

मी आधी नुसतं वाचत होते, बातमीसारखं. पण ओवी तसं वाचू देत नाही. तिसऱ्या-चौथ्या पानावर माझ्या आवाजात ठेका आला आणि तिची बोटं त्या ठेक्यावर पडायला लागली. मी ओळ टाकायची, ती काम उचलायची. जे मी दुपारी एकेक करून पाडलं होतं, ते माझ्याच तोंडानं एकेक करून उभं राहत होतं. तिचे निरोप तिनं पुन्हा बोलून भरले. हौसाबाईचं नाव टाकताना मला विचारलं, "उपास गुरुवारी का शुक्रवारी लिहिलेला मी?" मी म्हटलं, गुरुवारी. म्हटल्यावर जीभ चावली. मला कसं ठाऊक? ती म्हणाली, "हां, गुरुवारीच," आणि लिहीत राहिली.

दोन तास लागायच्या आतच सगळं पुन्हा उभं होतं. सात वाजता माडीला कुलूप लावताना ती म्हणाली की अक्कानं शिरा पाठवलाय, खा. मी तो शिरा घरी नेला आणि बाबांना दिला.

शुक्रवारी आधी माझी पाळी होती. माझी साइट नीट चालली, मॅडम दोनदा 'छान' म्हणाल्या, सात मिनिटांत संपलं. मग सगुणा. तिचं अर्धा तास चाललं. मॅडमनी स्वतः एका खोट्या लग्नाची ऑर्डर टाकून बघितली, मऊ भात मागितला. शेवटी त्यांनी विचारलं, हे कधी पडलंय का.

"काल दुपारी पडलं," सगुणा म्हणाली.

सर चमकून तिच्याकडं बघायला लागले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मॅडम पुढं झुकल्या. कशानं पडलं, म्हणून विचारलं.

"भटारखान्यात सांडलं, मॅडम. दोन तासांत पुन्हा केलं. आज ताटं वेळेवर लागली."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, हिला जिथंतिथं स्वयंपाकच दिसतो. मला वाटलं, हिनं ते यंत्राची चूक म्हणूनच घेतलंय. सुटले, असंही वाटलं. आणि सुटल्यावर बरं वाटायला हवं, ते वाटेना.

मंगळवारी एसटीनं कोल्हापूर. तिनं वाटेत शेंगदाण्याचे लाडू काढले, मी नको म्हटलं. केंद्रावर आमची घड्याळं, ओळखपत्रं, केसातल्या पिनासुद्धा काढून घेतल्या, आणि शेजारशेजारच्या खोक्यांत बसवलं. मध्ये पातळ फळी. तिच्या बोटांचा आवाज मला येत होता.

तीस प्रश्न सपासप गेले. कार्डं कामाला येत होती. एकतिसावा प्रश्न असा होता: एका कंपनीत सगळे कर्मचारी एकच खातं वापरतात. एके दिवशी कुणीतरी महत्त्वाचं काम पुसून टाकलं. हे कुणी, कधी, कुठल्या लॉगिननं केलं, हे कमीत कमी कष्टात कसं शोधाल?

कार्ड क्रमांक दोनशे चौदा. हिरवा रंग. खात्यात कुणीही काहीही केलं की त्याची नोंद आपोआप होते. नाव, वेळ, काय केलं. कुणी वेगळं सांगावं लागत नाही. नव्वद दिवस राहते. मला ते शब्दनशब्द पाठ होतं. पाठ होतं, एवढंच. गुरुवारी दुपारी, माझ्या स्वतःच्या नावाच्या किल्लीनं ती कुलपं उघडताना, ते कार्ड माझ्या पिशवीत होतं.

सगुणानं त्या दिवशी काहीतरी उघडलं, वाचलं आणि मिटलं होतं. वही माझ्यापुढं धरायच्या आधी.

फळीपलीकडं तिची बोटं थांबली. बहुतेक तिलाही आता तोच प्रश्न आला असावा. मग ती पुन्हा चालू झाली. मी मात्र तिथून पुढचे प्रश्न वाचले ते नुसत्या डोळ्यांनी.

तीन तासांनी पडद्यावर आलं, अनुत्तीर्ण. बाहेर पायरीवर ती उभी होती. तिच्या तोंडाकडं बघून कळलं की ती पास झालीय आणि माझ्या तोंडाकडं बघून तिला माझं कळलं. मिरजेच्या स्टँडवर उतरल्यावर तिनं पिशवीतून लाल वही काढली आणि माझ्या हातात दिली.

"आता तू यातून कर. मला पाठ आहे सगळं. चार महिन्यांनी दे परत परीक्षा, होशील."

मी वही घेतली. आभार मानायचेही राहिले.

घरी जाऊन मी पानं उलटत गेले. शेवटच्या लिहिलेल्या पानावर वर 'नोंद' असं लिहिलं होतं. त्याखाली गुरुवारची तारीख आणि वेळ, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. नाव नव्हतं. बारीक अक्षरातले आकडे नव्हते. फक्त एक ओळ होती:

कोण आलं कोण गेलं, उंबऱ्याला सारं ठाव

दुसरी ओळ तिनं लिहिली नव्हती. तिच्या जागी पान कोरं सोडलं होतं. अख्ख्या वहीत तेवढी एकच ओवी अर्धी होती.

बाबांनी विचारलं, काय झालं परीक्षेचं. मी खरं सांगितलं. त्यांनी आचारणीच्या पोरीचं विचारलं, तेही खरं सांगितलं.

सकाळी सहाला मी त्या कार्यालयाच्या मागच्या अंगाला गेले. त्या दिवशी अक्काची तिथंच ऑर्डर आहे, हे मला तिच्या साइटवर वाचल्यामुळं ठाऊक होतं. चुली धरल्या होत्या. बायांची ओळ बसली होती आणि सगुणाही. ती जागा आता तिचीच होती, थोड्याच दिवसांत पुण्याला जायचं होतं, तरी ती लाटत होती. मी दारात थांबले. उंबऱ्यावर पाऊल ठेवायचं धाडस होईना.

अक्कानं बघितलं. "दारात उभी का? दारात बघनारी बाय हाय आमच्याकडं. आत ये."

बाया हसल्या. सगुणा सरकली, शेजारी जागा केली. लाटणं पुढं केलं. मी बसले. लाटी घेतली, पण पीठ हाताला चिकटत होतं, गोल होईना. मला बोलायचं होतं, आणि मी रात्रीपासून केलेली वाक्यं, शुद्ध, स्वच्छ, कार्डावर लिहावीत अशी, एकेक करून सगळी विसरले होते.

सगुणानं माझ्याकडं बघितलं नाही. लाटणं फिरवत, रोजच्या कामाच्या आवाजात, तिनं ओळ टाकली.

"कोण आलं कोण गेलं, उंबऱ्याला सारं ठाव..."

आणि गप्प झाली. पुढची ओळ शेजारणीची. शेजारीण मी होते. लाटणी संथ झाली. पलीकडच्या म्हातारीनं मागच्या वेळेसारखं तोंड उघडलं, तशी सगुणानं मान न वळवता नुसता पिठाचा हात वर केला. म्हातारी थांबली. हौसाबाई थांबली. अक्का पळी घेऊन उभी राहिली. हा मांडव नव्हता. हा भटारखाना होता.

माझा आवाज फाटला, सूर लागला नाही, पण ठेका मी सुटू दिला नाही.

"उंबरा गं बाई मुका, माझं मीच घेते नाव."

कुणी काही विचारलं नाही. सगुणानं लाटीला पीठ लावलं आणि माझ्यापुढं टाकली.

"बरं," ती म्हणाली. "पातळ लाट. म्हातारी माणसं आहेत आज पंगतीला."